घोडीची आयाळ मधात उभी राहते, उजवीकडे बसवायची कशी?

दारव्हा_घोडीवाला

नमस्कार मंडळी. घोडी पाच वर्साची हाये, काठेवाडी अन् देशी असा मेळ, उंची ५८ इंच. आयाळ एवढी दाट का एका मुठीत मावत नाही. कानापासून वीतभर उजवीकडे पडते, मानेच्या मधात आठ-दहा बोटं सरळ उभी राह्यते अन् खांद्याजवळ डावीकडे जाते. पाणी मारून पाह्यलं, तेल लावून पाह्यलं, वाळली का पुन्हा तशीच. पोळा आटोपला, तुळशीच्या लग्नापासून नवरदेवाच्या वरातीचं काम सुरू होते, म्हंजे सव्वादोन महिने हातात हायेत. गोंडे बांधाले लांब केस पाह्यजेत. कोणी म्हणते शिशाचं वजन बांध, कोणी म्हणते एकदा पूर्ण भादर, मंग सरळ येते. काय करू सांगा जी.

खरारा

भाऊ, भादरायचा विचार आधी सोडा. आयाळीचा केस महिन्याला साधारण दीड-दोन सेंटिमीटर वाढतो. भादरलेली आयाळ ब्रशासारखी ताठ उगवते आणि चार-पाच इंच होईस्तोवर झुकत नाही. म्हणजे सहा-सात महिने गेले, त्यात लग्नसराईचा मोठा भाग आला. शिवाय मुळाची दिशा भादरल्यानं बदलत नाही. डावीकडे जाणारा केस पुन्हा डावीकडेच जाणार.

वजन तर मुळीच नको. घोडी माशा हाकलायला मान झटकते, त्या झटक्यात वजन डोळ्यावर बसतं किंवा केस मुळासकट येतो.

दोन गोष्टी पाहून सांगा. जिथे आयाळ उभी राहते तिथले वरचे लांब केस बाजूला करा आणि मुळाशी बघा, बोटभर लांबीचे आखूड केस आहेत का? आणि घोडी मान कुठे घासते का, कोणत्या वेळी?

दारव्हा_घोडीवाला

हो भाऊ, खाली आखूड केस लय हायेत, टोकं तुटल्यासारखी दिसतात. दिवस बुडाच्या वक्ताले खुंट्याले मान घासते, सकाळी पण थोडी. गोचिडाचं असंल का? बैलाचं औषध घरी हाये, पाण्यात मिसळून फवारतो ते, तेच मारू का?

पशुवैद्य

थांबा, ते मारू नका. बैलांच्या गोचिडाच्या बऱ्याच फवारणी-औषधांत अमिट्राझ नावाचं कीटकनाशक असतं. घोड्याला त्यानं आतड्याची हालचाल मंदावते, लीद अडते आणि पोटशूळ उठतो. जीव जाऊ शकतो. बाटलीवर हे नाव दिसलं तर घोडी बांधता त्या गोठ्यातही फवारू नका. रॉकेल, डिझेल, जळकं ऑइल यांनी कातडी भाजते, तेही नको.

आता मूळ मुद्दा. तुमची आयाळ मधात उभी राहते ती तिथले केस हट्टी आहेत म्हणून नाही. घासून तुटलेल्या केसांचे ताठ खुंट खालून वर येतात आणि लांब केसांना टेकू देतात. घासणं थांबलं नाही तर कितीही वेण्या घाला, दर आठवड्याला नवे खुंट तयार होणार. म्हणून आधी खाजेचं कारण शोधा.

दुपारच्या उन्हात आयाळीचा भांग पाडत पाडत मुळं तपासा. केसाला घट्ट चिकटलेल्या फिक्या लिखा दिसल्या तर उवा आहेत. घोड्यांना चालणारं औषध डॉक्टरकडून घ्या आणि १४ दिवसांनी पुन्हा द्या, कारण पहिल्या वेळी लिखा मरत नाहीत. सोबतच्या सगळ्या घोड्यांना एकाच दिवशी द्यायचं. गोल चट्टे आणि त्यांवर कोंडा असेल तर गजकर्ण समजा. ते माणसालाही लागतं, तेव्हा हातमोजे घाला आणि तिचा कंगवा-खरारा वेगळा ठेवा. पावसात भिजून खपल्या धरल्या असतील आणि खपली उचलताना तिच्यासोबत रंगाच्या कुंचल्यासारखा केसांचा झुपका निघत असेल, तर तो जीवाणूंचा आजार आहे. कोरडी खपली ओरबाडू नका. ती भिजवून मऊ झाली की आपसूक सुटते, नंतर जागा पूर्ण कोरडी ठेवायची.

पण तुम्ही सांगितलेली वेळ पाहता पहिला संशय चिलटांवर आहे. भाद्रपदात ओल, चिखल, शेणखताचा खड्डा हे सगळं जमून आलेलं असतं. चिलटं सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या आसपास चावतात, आयाळीच्या आणि शेपटीच्या मुळाशी. काही घोड्यांना त्यांच्या लाळेची ॲलर्जी असते. दिवस बुडायच्या तासभर आधी घोडी आत घ्या आणि पंखा लावा. चिलटं अगदी अशक्त उडणारी, पंख्याच्या वाऱ्यात टिकत नाहीत. पंखा आणि वायर तिच्या तोंडाला लागणार नाहीत इतके दूर हवेत. कडुनिंबाचा धूर करायचा तर उघड्यावर, कोंदट गोठ्यात नको. घोड्याची फुप्फुसं धूर-धूळ सहन करत नाहीत. रात्री मानेवर पातळ जाळीची किंवा सुती झूल टाका. कातडीतून पाणी येत असेल, सूज असेल, तर प्रत्यक्ष दाखवा.

आणि घोडी खाते काय, तेही लिहा.

दारव्हा_घोडीवाला

कडबा, हरभऱ्याची चुनी, ढेप थोडी. अन् शेळ्यांसाठी बांधावरचा सुबाभूळ आणतो, त्यातलाच अर्धा भारा तिच्यापुढं टाकतो. आवडीनं खाते.

पशुवैद्य

सुबाभूळ आजपासून पूर्ण बंद. हे मी कळकळीनं सांगतो, कारण आपल्याकडे हिरवा पाला म्हणून घोड्यालाही तो सर्रास टाकला जातो. सुबाभळीच्या पाल्यात आणि बियांत मायमोसीन नावाचं विषारी द्रव्य असतं. रवंथ करणाऱ्या बऱ्याच जनावरांच्या पोटात त्याचा निचरा करणारे जीवाणू असतात, घोड्याची पचनाची रचना वेगळी आहे. घोड्याला त्यानं नेमके आयाळीचे आणि शेपटीचे केस जातात, कंगव्यासोबत झुपक्यानं निघतात. खुरांवर आडवे वळ येतात, खुरं तडकतात. शेळी तोच पाला खाऊन ठणठणीत दिसते, म्हणून मालकाला शंकाही येत नाही. नालबंद आला की खुरांवरचे वळ दाखवून घ्या. पाला बंद केला की केस परत येतात, पण वेळ लागतो.

त्याऐवजी जवस द्या, आपल्या भागात मिळतोच. ५० ग्रॅमपासून सुरू करून दोन आठवड्यांत १०० ग्रॅमवर न्या. अख्खा दिला तर बराचसा लिदीतून तसाच पडतो. रोजच्या रोज ताजा कुटून कोरडाच चंदीत मिसळा, कुटून ठेवलेला खवट होतो. कच्चा जवस कोमट पाण्यात रात्रभर भिजत घालू नका, त्यात सायनाइडयुक्त विष सुटू लागतं. शिजवायचाच असेल तर उघड्या भांड्यात खळखळ उकळा. आयाळीवर फरक दिसायला महिने जातात, तुळशीच्या लग्नापर्यंत मुळाकडचे तीन-चार सेंटिमीटर तेवढे नवे असतील.

मोतद्दार

डॉक्टरसाहेबांनी पाया घातला, आता वरचं काम सांगतो. हातात दहा आठवडे आहेत, त्यातले पहिले दोन-तीन खाज थांबवण्यात घालवा. त्या काळात वेणी नाही, विरळणी नाही, फक्त धुणं आणि गुंता काढणं.

धुणं. सकाळी दहानंतर, चांगलं ऊन असताना, म्हणजे संध्याकाळपर्यंत मुळं सुकतात. लहान मुलांचा सौम्य शाम्पू ३० मिली, अर्ध्या बादली पाण्यात आधी विरघळवून मगच मानेवर. थेट बाटलीतून ओतला की मुळाशी साठतो, निघत नाही आणि त्याचीच खाज सुटते. कपड्याची पावडर, भांड्याचा साबण कधीच नको. बोटांच्या पेरांनी मुळं चोळा, नखांनी नाही. पाणी निर्मळ येईपर्यंत धुवा, दाट आयाळीला दोन-तीन बादल्या सहज लागतात. शेवटी पाच लिटर पाण्यात १०० मिली पांढरा व्हिनेगर घालून ते ओता, साबणाचा थर सुटतो. डोळे सांभाळा. तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे, रोज धुतलं तर केस रखरखीत होऊन जास्त उभे राहतात.

गुंता. कंगवा नंतर, आधी बोटं. खोबरेल तेल चमचाभर, म्हणजे ५ मिली, दोन्ही तळव्यांना चोळून फक्त खालच्या अर्ध्या केसांना. मुळाला तेल लावू नका. आपली काळी माती उन्हात पिठासारखी उडते, ती तेलात बसते आणि मेण होतं. मग रुंद दातांचा कंगवा, टोकाकडून सुरुवात, दोन दोन बोटं वर सरकत. दुसऱ्या हातानं गुंत्याच्या वरचा केस मुठीत धरायचा म्हणजे मुळाला हिसका बसत नाही. वरून खाली एकदम कंगवा ओढला की तुटलेल्या केसांचे खुंट तयार, आणि तेच तर आपल्याला नकोत.

आता गोखरू-आघाड्याचे दिवस येतील. बोराच्या बीएवढं लांबट काटेरी गोखरू आयाळीत अडकलं तर ओढू नका. त्यावर तेलाचे दोन थेंब, दहा मिनिटं थांबा, मग पक्कडीनं हळूच चिरडा. तुकडे झाले की त्यांवरून केस एकेक सोडवायचा. गोखरू केसातून ओढायचं नाही, केस गोखरूवरून सोडवायचा. तसं केलं तर फार थोडे केस तुटतात.

विरळणी. चौथ्या-पाचव्या आठवड्यात, आणि हे टाळता येणार नाही. एवढी दाट आयाळ न विरळता एका बाजूला बसत नाही, कारण मानेच्या कण्यावर केसांचा जाड उंचवटाच तयार झालेला असतो. पण लांबी कमी करू नका. लोक इथेच चुकतात. दाट केस आखूड केले की वजन जातं आणि ते आणखी उभे राहतात. वरातीच्या घोडीला दहा-बारा इंच लांबी ठेवाच.

सगळी आयाळ उजवीकडे घ्या. वरचा एक पदर चिमट्यांनी उलटून डावीकडे अडकवून ठेवा, त्याला हात लावायचा नाही. खालच्या पदरातले, मानेला लागून असलेले केस विरळायचे. दातेरी कात्री मुळापासून चार सेंटिमीटर खाली धरा, कात्रीची टोकं जमिनीकडे. एका जागी एक-दोनदाच चालवा, कंगवा फिरवा, गळालेले केस झटका, मागे सरून दुरून पहा, मग पुढची जागा. आडवी कात्री धरली तर सरळ पायरी पडते आणि ती महिने दिसते. एका दिवशी १५ मिनिटांपेक्षा जास्त नाही, आठ दिवसांत काम विभागा. सगळे मिळून चौथा हिस्सा केस कमी झाले की थांबा. तिसऱ्या हिश्श्याच्या पलीकडे तर जाऊच नका.

उभ्या राहणाऱ्या भागातले तुटके खुंट मात्र कापू नका. कापलेला खुंट आणखी ताठ. त्यांना वाढू द्यायचं आणि वेणीत धरायचं.

घोडदौड_हिंगणघाट

कात्रीऐवजी उपटून विरळता येतं की. चार-पाचच लांब केस पकडायचे, बाकीचे कंगव्यानं वर सारायचे, केस कंगव्याला गुंडाळून एक झटका. फिरवून आणल्यावर अंग गरम असताना सोपं निघतं. पुढे टोकं नैसर्गिक दिसतात, कात्रीसारखे खुंट राहत नाहीत.

मोतद्दार

बरोबर आहे, निकाल जास्त सुबक येतो आणि स्वारीच्या घोड्याची आयाळ अशीच करतात. पण या घोडीच्या मानेला आधीच खाज आहे, कातडी दुखरी आहे. अशा वेळी उपटलं तर ती माणूस मानेजवळ आला की मान वर फेकायला शिकेल. पुढे नवरदेव बसल्यावर, बँड वाजत असताना, कुणी गोंडा नीट करायला हात घातला आणि तिनं मान फेकली तर काय होईल? म्हणून इथे कात्रीच. कातडी पूर्ण बरी झाल्यावर पुढच्या वर्षी रोज थोडं थोडं उपटून बघता येईल, तेही घोडी शांत उभी राहत असेल तरच.

वेणीफणी_आर्वी

वेण्यांचं मी सांगते, कारण सगळ्यात जास्त आयाळी बिघडतात त्या घट्ट वेण्यांनी.

पहिली गोष्ट, वेणी घालताना घोडीची मान खाली हवी. समोर जमिनीवर घमेल्यात थोडा चारा ठेवा. मान खाली गेली की मानेचा वरचा काठ ताणून लांब होतो. मान वर असताना घातलेली वेणी आपल्याला सैल वाटते, पण घोडी चरायला वाकली की प्रत्येक मूळ ओढलं जातं. मग ती दिवसभर घासते, आणि मालक म्हणतो घोडीला वेणी सोसत नाही.

केस ओलसर हवेत, टपटपणारे नाही. दीड इंच रुंदीचा भाग घ्या. तुमच्या घोडीच्या मानेला साधारण १८ ते २० वेण्या होतील. मधल्या उभ्या राहणाऱ्या आठ-दहा बोटांत मात्र एक-एक इंचाचे भाग करा. डावीकडून येणारे केस आधी कण्यावरून उजवीकडे आणून तळहातानं दाबून धरा. पहिली दोन बोटं केस नुसतेच सपाट सोडायचे, वेणी त्याखालून सुरू. तीन पेड, ओढ जमिनीच्या दिशेनं, स्वतःकडे नाही. स्वतःकडे ओढलं की वेणी मानेपासून उचललेली राहते, आणि आपल्याला तर केस मानेला चिकटायला हवेत. झाल्यावर वेणीच्या मुळाखाली करंगळी सहज शिरली पाहिजे. मुळाशी कातडीचा बारीक डोंगर उचललेला दिसला तर लगेच सोडा.

बांधायला रबर नको, ते केस कापतं आणि उन्हात चिकटतं. आयाळीच्या रंगाचा सुती दोरा तीन-चार पदरी घ्या. वेणीच्या शेवटच्या तीन इंचांत तो पेडासोबत गुंफा, टोक वर दुमडा आणि तिथे गाठ मारा, म्हणजे लोंबतं टोक कशात अडकणार नाही. सोडताना दोरा कात्रीनं कापायचा, ओढायचा नाही.

मधल्या भागासाठी जाळी करा. पहिल्या वेणीचं टोक दुसरीला, दुसरीचं तिसरीला असं सैल जोडत जा. एकटी वेणी उलटून डावीकडे जाते, जोडलेल्या वेण्या एकमेकींना खाली धरतात. वजन बांधून जे साधायचं होतं ते यानं बिनधोक साधतं.

पाच ते सात दिवस ठेवा, सोडा, बोटांनी मोकळं करा, एक दिवस मुळांना हवा लागू द्या, मग पुन्हा. दहा दिवसांच्या वर कधीच नाही, कारण गळालेले केस आत अडकून जट होते. असे चार-पाच फेरे लागतील. वेण्या असताना घोडी काटेरी तारेच्या किंवा बाभळीच्या रानात मोकळी सोडू नका.

मोतद्दार

ताईंनी करंगळीची खूण चांगली सांगितली. एक जोडतो, म्होरकीचा पट्टा कानामागे जिथे बसतो तिथली दोन बोटं आयाळ बारीक कापून टाका. पट्ट्याखाली केस दबून तिथूनच आयाळ दोन्हीकडे फुटते. दोन बोटांपेक्षा जास्त नको, नाहीतर वरातीचा साज चढवल्यावर टक्कल दिसतं. दर तीन-चार आठवड्यांनी ते पुन्हा करावं लागेल.

पैनगंगाकाठ

एक विचार करा. सगळी आयाळ एकाच बाजूला हवीच असं कुठे आहे? वरातीत घोडी दोन्ही बाजूंनी दिसते. खूप दाट आयाळीला सरळ भांग पाडून दोन्हीकडे सारखी पाडली तर उंचवटाही राहत नाही आणि मानेवरचं ओझं वाटलं जातं. गोंडे दोन्हीकडे बांधा.

खरारा

ही सूचना मला पटते, निदान पर्याय म्हणून. दोन फेरे वेण्या घातल्यावर खांद्याजवळचा भाग पुन्हा डावीकडेच जात असेल तर त्याच्याशी झटत बसू नका, तो डावीकडे राहू द्या. पण मधला उभा भाग बसवावाच लागेल, त्याशिवाय सरळ भांगही पडत नाही. आणि मानेचा वरचा काठ हातात धरून हलवून बघा. तिथे चरबीची जाड, कडक घडी असेल आणि ती एका बाजूला कलली असेल तर केस त्या कलाकडेच जाणार. मग वेणीआधी खुराक कमी करायला हवा. अशा मानेच्या घोड्याला खूर धरण्याचा, म्हणजे खुराच्या आत सूज येऊन लंगडण्याचा, धोकाही जास्त असतो.

तान्हापोळा

शिकेकाई-रिठा चालतो का धुवायला?

वेणीफणी_आर्वी

शिकेकाईचं पाणी गाळून चालतं. नुसती पूड लावली तर मुळात अडकून खाज सुटते. रिठा डोळ्याला फार झोंबतो, मानेवर वापरू नका. आणि विषय निघाला म्हणून, वरातीसाठी आयाळ काळी करायला माणसांचा काळा डाय लावतात, तो नको. त्यातल्या रसायनानं माणसाच्याही डोक्याला फोड येतात, इथे तर खाजरी कातडी आहे. मेंदी लावायची तर ती शुद्ध आहे ना बघा. पांढऱ्या केसांवर ती केस वाढून जाईस्तोवर राहते हेही लक्षात असू द्या.

दारव्हा_घोडीवाला

सगळ्यांचे आभार जी. सुबाभूळ बंद केला, पंखा लावला. पांढऱ्या लिखा काही दिसल्या नाहीत, गोल चट्टे पण नाहीत. एकच विचारतो, वेण्या घातल्यावर मधातच पाऊस आला अन् भिजली तर सोडू का राहू देऊ?

वेणीफणी_आर्वी

वरून चार थेंब पडले तर राहू द्या. वेणीच्या मुळाशी बोट दाबून ओल लागली आणि संध्याकाळपर्यंत सुकण्याइतकं ऊन नसेल, तर त्याच दिवशी सोडा. ओल्या मुळाशीच डॉक्टरसाहेबांनी सांगितलेल्या खपल्या धरतात. कोरड्या फडक्यानं पुसा, मोकळं ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा घाला. नवरात्रापर्यंत पाऊस ओसरेल, जाळीच्या वेण्या तेव्हापासून धरल्या तरी तुमच्याजवळ पुरेसे फेरे उरतात.

पशुवैद्य

आणि वेण्या सोडाल तेव्हा दर वेळी मुळाशी नाक नेऊन वास घ्या. आंबूस, कुबट वास आला तर त्या आठवड्यात वेणी नाही.